तिच्या हाताची मूठ

सकाळी पेट्रोल पंपावर रांगेत थांबलो असताना माझ्या बायकोच्या, सुमनच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. गिअरच्या लाकडी मुठीवर तो अगदी निवांत विसावला होता.

संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली, तेव्हा गाडीची मूळची गुळगुळीत मूठ तिच्या हातातून निसटू लागली. "आता तुम्हीच चालवा," ती म्हणाली. तीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईच्या तोंडून मला ते ऐकवेना. मी नवी मूठ आणायला निघालो, तेव्हा मात्र तिनं अडवलं. "माझ्या मापाची दुकानात कुठली मिळायला? मीच करते."

तिनं शाडूच्या गोळ्यावर आपल्या पंजाचा ठसा घेतला आणि त्याबरहुकूम शिसवी लाकडाचा तुकडा आठवडाभर कानशीनं घासला. बोटं दुखायची. मी मदतीला सरसावलो की म्हणायची, "तुम्ही घासलंत तर ती तुमच्या हाताची होईल." मी फक्त भोक पाडून आत नट चिकटवून दिला.

वस्तू बनवणाऱ्याला आपला हात ठाऊक नसतो, म्हणून आपणच निमूटपणे वस्तूशी जुळवून घेत राहतो. हिनं वस्तूलाच आपल्याकडे वळवलं.

पेट्रोल भरणाऱ्यानं खिडकीतून डोकावून विचारलं, "मॅडम, ही मूठ कुठून मागवली?"

"मागवली नाही, हिनं घरी केलीय!" तिच्याआधी मीच बोललो. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण शेजारच्या गाडीतलेही वळून पाहू लागले.

"पुरे झालं, अहो," असं म्हणत तिनं पहिला गिअर टाकला आणि बाहेरच्या चढावर गाडी झोकात वर काढली.