भट्टीत झोपणारे पट्टे

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे ‘भट्टीवाले’ म्हणतात. यंत्रांना लागणारे कृत्रिम रबराचे पट्टे बाजारात जाण्याआधी तपासायचे, हे ह्यांचं काम. पट्ट्याचा तुकडा आठवडाभर गरम भट्टीत ठेवायचा, बाहेर काढून थंड करायचा, मग ताणून बघायचा. तुटला नाही की पास. माणूस सरळ, कामाला चोख, पण हट्टी इतका की विचारू नका.

माझी लाँड्री आहे. तिथल्या मोठ्या ड्रायरला ह्यांच्याच कारखान्यातला पट्टा, कारण घरात भट्टीवाले असताना बाहेरचा पट्टा आणला तर ह्यांचं नाक कापलं जाणार! आणि तो मेला दर दीड-दोन महिन्यांनी तुटायचा. तोही नेमका इस्पितळाच्या ओल्या चादरी आत असताना. इस्पितळ हेच माझं मोठं गिऱ्हाईक, बाकी सगळं किरकोळ. ते गेलं तर लाँड्रीला कुलूप.

“तू पट्टा जास्त आवळत असशील,” हे म्हणायचे. पुढच्या वेळी, “ड्रायरमध्ये कपडे कोंबतेस.” त्याच्या पुढच्या वेळी पुली वाकडी. पट्ट्याचा दोष कधीच नाही, कारण त्याला ह्यांनी पास केलेलं.

शेवटी माझं डोकं फिरलं. तुटलेला पट्टा मी ह्यांच्या ताटाशेजारी आपटला. “बघा, आतून कशा भेगा पडल्यात. तुमच्या भट्टीत पट्टा आडवा पडून झोपा काढतो. माझ्याकडे तो तापतो आणि तापलेला असतानाच एवढ्याशा पुलीवरून दिवसभर वाकतो. कधी वाकवून तापवलाय का?”

“तशी पद्धत नाही,” हे म्हणाले आणि जेवत राहिले. ह्यांनाच त्या पुलीवर चढवावं असं वाटलं मला.

पुढच्या आठवड्यात नवा पट्टाही तुटला, या वेळी दीड महिनासुद्धा टिकला नाही. इस्पितळाचे व्यवस्थापक स्वतः आले आणि ओल्या चादरींचे गठ्ठे गाडीत भरू लागले. “ताई, आता दुसरीकडे देतोय. पेशंटला चादरीविना किती वेळ ठेवणार?” ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी हे लाँड्रीत धावतच आले. हातात लोखंडी नळीला गुंडाळलेला पट्ट्याचा तुकडा, चेहरा नुसता फुललेला.

“अगं, चिरला! वाकवून भट्टीत ठेवला होता. उष्णतेनं रबर कडक होतं, त्यात वाकलेलं, मग टिकणार कसं? शेजारी सरळ ठेवलेला तुकडा अजून ठणठणीत आहे. तू म्हणत होतीस तेच निघालं!”

कोपऱ्यातल्या टोपलीत माझे तुटलेले पट्टे पडले होते. त्यातला एकही ह्यांना पटला नव्हता. पटायला ह्यांच्या स्वतःच्या भट्टीत चिरलेला लागला. आनंद तर असा, जणू बक्षीस मिळालंय. राग येऊन येऊन आता मला रडूच यायला लागलं.

“उद्याच साहेबांना दाखवतो,” हे म्हणाले. “चांगल्या रबराचा पट्टा बनवून घेऊ. पहिला तुझ्या ड्रायरला.”

“बसवा,” मी म्हटलं. “पण आत घालणार काय?”