गुडघ्याचं दुखणं

शरीर कधी खोटं बोलत नाही, असं जाणकार सांगतात. त्यांनी बोरगाव मेघेतलं आमचं घर पाहिलेलं नसावं. आमच्याकडे बाईचं दुखणं एकतर डोक्यात असे किंवा गुडघ्यात. मधल्या भागाचा उल्लेख बाबांसमोर होत नसे.

धाकट्या बहिणीची ती शेवटची पोलीस भरती होती. पुढच्या भरतीत तिचं वय बसणार नव्हतं. मैदानावर सराव करताना एका सकाळी तिच्या जांघेत कळ आली. घरी येऊन तिनं सांगितलं, "गुडघा दुखते."

आईनं गुडघ्याला मोहाचं तेल चोळलं. मैदानावरच्या सरांनी प्रोटीन पावडरचा डबा आणायला लावला. डब्यावर एक दंड फुगवलेला पहिलवान होता. "यानं हाड पक्कं होते," बाबा म्हणाले आणि रोज स्वतःच्या हातानं दुधात पावडर घोळून तिला देऊ लागले. इतक्या मायेनं दिलेली गोष्ट नाकारता येत नाही.

शेवटी मी तिला वर्ध्याला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. पडद्याआड ती पहिल्यांदा खरं बोलली. बाईंनी तपासून सांगितलं, जांघेचा स्नायू दुखावलाय, पावडरनं तो सांधत नाही. काही आठवडे धावणं बंद, आणि रोज उताणं पडून गुडघ्यांमध्ये चेंडू दाबायचा.

आमच्या दोन खोल्या. एकीत बाबांचा टीव्ही, दुसरीत शेजारच्या काकू.

"काऊन वो, हे काय करून राह्यली?"

"गुडघ्याचा व्यायाम, काकू."

"असा? मंग आमच्या बुढीले शिकवजो. तिचे तं दोन्ही गेले."

काकू हसल्या, आई हसली. बहीणही हसली. त्या दिवसापासून चेंडू फळीवरच्या धान्याच्या डब्यांच्या मागे गेला. पावडर चालू राहिली. ती चारचौघांत पिता येत होती. धावणंही चालू राहिलं, कारण ते बंद केलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

भरतीच्या दिवशी शेवटच्या वळणावर ती लंगडली, चार पावलं तशीच ओढली आणि मातीत बसली. बाकीच्या पोरी बाजूनं निघून गेल्या. दोघांनी तिला उचलून कुंपणापाशी आणलं. पलीकडे बाबा उभे होते.

"कुठं लागलं, ताई?" पट्टीवाल्यानं विचारलं.

तिनं बाबांकडे पाहिलं.

"गुडघ्याले."

त्यानं गुडघ्याला पट्टी बांधली. घट्ट आणि व्यवस्थित बांधली होती.