जागलीचा सदरा

माझ्या सासूबाई रात्री शेतात झोपायला जाताना कपड्यांचा जेवढा विचार करतात, तेवढा मी माझ्या लग्नात शालूचाही केला नव्हता. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं आणि रोही येतात, म्हणून पिकाजवळ कुणीतरी झोपावं लागतं. ही जागल आधी सासरे करायचे. ते गेल्यावर आत्याबाईंनी ती स्वतःकडे घेतली. माझा नवरा म्हणतो, "आई, मी जातो." त्या म्हणतात, "तू गेला तं डुकरं तुयाच बाजूले येऊन झोपतीन." त्याची झोप आमच्या सगळ्या अमडापूर गावाला माहीत आहे.

माझं माहेर देऊळगाव राजाच्या बाजारपेठेतलं. उघड्यावर झोपणं म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवर गादी टाकणं, एवढंच मला ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी मोठ्या हौसेनं आत्याबाईंबरोबर मचाणावर गेले. त्यासाठी चिखलीहून जांभळा ट्रॅकसूट आणला होता. तो घालूनच दिवसभर हरभऱ्याचे घाटे तोडले, तो घालूनच शेकोटीपाशी बसले आणि तोच घालून झोपले. पहाटे दात वाजायला लागले. आत्याबाईंनी माझ्या पाठीला हात लावून पाहिला.

"वल्ला हाय घामानं. दिवसाचे कपडे रातले घालत नसतेत, बाई."

त्यांनी खताच्या रिकाम्या थैलीतून सासऱ्यांचा एक जुना सदरा काढला आणि मला तो घालायला लावला. पूर्ण बाह्यांचा, कोपरावर ठिगळ, धुऊन धुऊन साईसारखा मऊ झालेला. वर गोधडी घेतली आणि मी अशी झोपले की उन्हं तोंडावर आली तेव्हा उठले. ट्रॅकसूट मात्र घरी येऊन कपाटात जो गेला तो गेलाच. मला त्याचा राग आला होता, आणि विकत घेतलेल्या वस्तूचा राग माझ्या मनातून लवकर जात नाही.

पुढं मी पावसाळ्यात मक्याच्या जागलीला गेले, उन्हाळ्यात भुईमुगाच्या. दर वेळी आत्याबाईंचा पोशाख वेगळा. पावसाळ्यात डासांसाठी अंगभर कपडा, पण पातळ, आणि तो संध्याकाळपर्यंत थैलीतून बाहेर काढायचा नाही. भिजलेलं लुगडं मचाणाखालीच सोडायचं, पाय कोरडे पुसायचे, मगच वर चढायचं. उन्हाळ्यात विरलेलं सुती पातळ आणि पायाशी एक चादर, कारण पहाटेचा वारा आपल्याला विचारून येत नाही. हिवाळ्यात सासऱ्यांचा तोच सदरा, त्यावर स्वेटर, कानाला फडकं, आणि फक्त अंथरुणातच घालायचे पायमोजे. नवं कापड कोणत्याच ऋतूत नाही. काऊन, असं विचारलं तर म्हणाल्या, "नवं कापड अंगाले वळखत नाही."

मी गावच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे मुलांचं शिबिर दरवर्षी जायचं, मुलींचं कधीच गेलं नव्हतं. तीन वर्षं मी मुख्याध्यापकांच्या मागे लकडा लावला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "एक रात्र. सगळ्या पोरी धडधाकट परत आल्या तर दरवर्षी पाठवू. एक जरी आजारी पडली, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढं आणायचा नाही." जागा ठरली जंगलाकडच्या माळावर, बसनं तासाभराच्या अंतरावर. महिना जानेवारी. मला आठवडाभर धड जेवण गेलं नाही. थंडीची भीती होतीच, पण पोरींच्या डोळ्यांतली हौस पाहिली की जास्त भीती वाटायची.

मी घरोघरी चिठ्ठी पाठवली: झोपण्यासाठी जुने, सुती, धुतलेले कपडे द्यावेत. आत्याबाईंनी एकदाच विचारलं, "पोरी किती हायेत?" मी म्हटलं, बावीस. निघायच्या सकाळी त्यांनी माझ्या बॅगेशेजारी एक भलंमोठं गाठोडं आणून ठेवलं. मी चिडलेच. "आत्याबाई, मी तंबू सांभाळू की तुमचं हे ओझं?"

"राहू दे. नाई लागलं तं वापस आनजो."

माळावर पोरींनी तंबू ठोकले, स्वयंपाक केला, कबड्डी खेळून घामाघूम झाल्या. दिवस बुडाल्यावर मी म्हटलं, चला, आता झोपायचे कपडे घाला. बावीस पिशव्या उघडल्या आणि मी एकेक चाचपत गेले. जरीची ओढणी, चमकीचा फ्रॉक, कडक जीन्स, घडीही न मोडलेला नायलॉनचा ड्रेस. जुनं कापड एकीकडेही नाही.

"चिठ्ठी वाचली नाही का घरी?"

"वाचली, मॅडम," एक धिटुकली म्हणाली. "पन आई म्हने, पोरीले परगावी जुन्या कपड्यावर पाठोलं तं लोक काय म्हन्तीन?"

रागवावं तरी कुणावर? माझ्या आईनंही हेच केलं असतं. आपल्याकडे लेक गावाला निघाली की घरातलं सगळ्यात चांगलं तिच्या अंगावर चढतं, मग ती लग्नाला जावो की माळावर झोपायला. पोरींच्या अंगावरचे कपडे घामानं ओले, पिशवीतले थंडगार, आणि वारा सुटलेला. आता हे शिबिर पहिलं आणि शेवटचं, असं मला अगदी ठाम वाटलं.

तेव्हा मला गाठोडं आठवलं.

आत्याबाईंनी आपली जुनी पातळं फाडून, कडा दुमडून, अंगाभोवती दोन वेढे बसतील असे तुकडे केले होते. सासऱ्यांची धोतरं होती, नवऱ्याचे शाळेतले सदरे होते, सगळ्या घड्यांत कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. गावातल्या आया काय देतील हे त्यांना आधीच माहीत होतं, कारण त्यासुद्धा गावातल्याच आई. पोरी आधी खिदळल्या. मग एकीनं पातळ छातीपाठीशी गुंडाळून वर खेळताना काढून ठेवलेला कोरडा स्वेटर चढवला आणि म्हणाली, "मॅडम, लय गरम लागते." मग काय, झुंबड उडाली. मी मोजत वाटत गेले. बावीस झाले आणि तळाशी एक उरलं. कोपरावर ठिगळ असलेला तो सदरा. तो माझ्यासाठी होता. मी तो घातला, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

सकाळी बावीसही पोरी टणटणीत उठल्या. एकीलाही साधी शिंक नाही. शाळेत उतरलो तेव्हा मुख्याध्यापकांनी एकेकीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीची तारीख आताच धरून ठेवा, मॅडम."

मी घरी न जाता तडक शेतात गेले. आत्याबाई मचाणाखाली चूल पेटवत होत्या. अंगात माझा जांभळा ट्रॅकसूट, त्याच्यावर लुगडं, कानाला फडकं.

"पोरी बऱ्या हायेत?" त्यांनी विचारलं. आवाज पार बसला होता.

"सगळ्या. पण तुम्ही हे काय घातलंय?"

"मंग? कपाटात उगाच पडून व्हता." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

घरातलं एकूण एक जुनं कापड त्यांनी गाठोड्यात बांधलं होतं. स्वतःसाठी काहीच ठेवलं नव्हतं, आणि रात्रही त्या ट्रॅकसूटवरच काढली होती. मी त्यांच्या पाठीला हात लावला, तर घामानं ओली. बॅगेतून सदरा काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्यावर ओरडलेच.

"काढा ते आधी. दिवसाचे कपडे रातले घालत नसतेत, हे काय मी सांगायचं तुम्हाला?"

त्यांनी मचाणाच्या आडोशाला ट्रॅकसूट उतरवला. मग हात वर केले, लहान मुलीसारखे, आणि मी त्यांच्या अंगात सदरा घातला.