अक्कांची खोटी कहाणी

नांदेडात माझं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान आहे. मशीन सुरू झालं की गाणीही सुरू होतात. नवी-जुनी सगळी ऐकते, पण मला विचाराल तर माझी खरी आवड एकच, उदगीरच्या अक्का. हळदीची गाणी, जात्यावरच्या चालीची गाणी, विहिणींची थट्टा करणारी गाणी त्या गातात. मी शाळेत होते तेव्हा त्यांच्या कॅसेट लागल्याशिवाय आमच्याकडं लग्नाचा मांडव उभा राहत नसे. बाकीच्या गायिका वरच्या सुरात गेल्या की शब्द खातात. अक्का कितीही वर जावोत, शेजारणीनं ओट्यावर बसून काही सांगावं तसा शब्द न् शब्द कानात पडतो.

मागच्या उन्हाळ्यात नणंदेनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. मराठवाडा गाजवलेल्या गायिकेवर आज काय वेळ आली बघा, असं वर लिहिलेलं. अक्का एका गोठ्यापुढं बसलेल्या, डोळ्यांना पदर. मागं रडकी बासरी. निवेदक सांगत होता की नवऱ्यानं टाकलं, आवाज गेला, आता खायचेही हाल आहेत. अख्ख्या व्हिडिओत त्यांच्या गाण्याची एक ओळ नव्हती. मी मशीन थांबवलं आणि गिऱ्हाईक समोर असताना रडले.

रविवारी नणंद आणि मी एसटीनं उदगीरला गेलो. काय बघावं लागेल याची वाटभर धास्ती होती. पत्ता विचारत गल्लीत शिरलो तर पेटीचे सूर आले, आणि त्यावर अक्कांचा आवाज. वयानं थोडा जड झालेला, पण तोच. पक्कं घर, दारात तुळस, आत सतरंजीवर गल्लीतल्या दोन मुली गाणं शिकत बसलेल्या. पेटीवर अक्कांचे मालक होते. आम्हाला पाण्याचे तांबे त्यांनीच आणून दिले. हाच तो बायकोला टाकून गेलेला नवरा.

आम्ही का आलो ते सांगताना माझी मान वर होईना. अक्कांनी मुलींना घरी लावून दिलं आणि झालं ते सांगितलं. काही तरुण कॅमेरा घेऊन आले होते. तुमच्या गाण्यांवर फिल्म करतो म्हणाले. अक्का सकाळभर बोलल्या, गायल्या. मग उजेड चांगला आहे म्हणून त्यांना शेजाऱ्याच्या गोठ्यापुढं बसवलं आणि आईबद्दल विचारलं. अक्कांना गाणं आईनं शिकवलेलं. ती आदल्याच हिवाळ्यात गेली होती. डोळे भरून आले. पोरांनी तेवढंच ठेवलं, बाकी सगळं कापलं.

व्हिडिओ फिरल्यावर लातूरला दिलेल्या मुलीला सासरी बोलणी खावी लागली, की आईला उपाशी ठेवता का. ओळख ना पाळख, लोक दारात धान्य आणून टाकू लागले. मुखेडकडच्या एका जत्रेत अक्का दरवर्षी गायच्या, तिथल्या लोकांनी त्या वर्षी दुसरी पार्टी ठरवली. अक्कांना आता त्रास नको, म्हणाले.

"तांदूळ आणून द्यालेत माय," अक्का म्हणाल्या. "गाणं म्हणा, असं कुणीच म्हणंना झालंय."

व्हिडिओखाली नंबर होता, मी तिथूनच व्हिडिओवाल्याला फोन लावला. तो ताई ताई करत गोड बोलला. मी खोटेपणाबद्दल विचारलं तर म्हणाला, "खोटं काय त्यात ताई? रडल्या तर त्या खऱ्याच ना?" व्हिडिओ काढून टाका म्हटलं, तर बघतो म्हणाला. अजून बघतोच आहे.

पुढं नांदेडच्या एका मंडळानं अक्कांचा सत्कार ठरवला. गायला मिळणार असं सांगितलं म्हणून अक्का यायला तयार झाल्या. दुकान बंद ठेवून मी हॉलमध्ये पुढं जाऊन बसले. एकामागून एक वक्ते उठले आणि तो व्हिडिओच बोलून दाखवू लागले. पहिल्या रांगेत मालक पेटी पायाशी ठेवून, आपण बायकोला कसं टाकलं ते ऐकत होते. एकाही वक्त्याला अक्कांच्या एका गाण्याचं नाव घेता आलं नाही. शाल झाली, नारळ झाला. मग सूत्रसंचालक म्हणाला, तब्येतीमुळं आपण अक्कांना गाण्याचा आग्रह करणार नाही.

मी उभी राहिले. त्यांच्या तब्येतीला काहीही झालेलं नाही, त्यांना गाऊ द्या, असं मोठ्यानं म्हणाले. मंडळाचा माणूस मला हातानं खाली बसवू लागला. तोवर अक्कांनी माइक घेतला होता.

"हे माझे मालक, समोर बसलेत," त्या म्हणाल्या. "यांनी मला टाकलं न्हाई. आवाज गेला का हाय, ते तुमीच ऐका."

मालकांनी पेटी वर नेली. अक्का हळदीचं गायल्या. मागच्या रांगांतल्या बायकांनी ध्रुवपद उचललं. अध्यक्ष मात्र घड्याळ बघत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात शाल घेतानाचा फोटो आला. खाली हलाखीतल्या गायिकेला आधार असं छापलेलं. गायल्याचा उल्लेख नाही. माझं डोकं फिरलं. गाणारी बाई सुखानं म्हातारी होऊ शकते हे यांना मानवतच नाही. ती गायली कशी हे नको, तिचं वाटोळं कसं झालं तेवढं पाहिजे.

हॉलमधल्या एका बाईनं नंतर धर्माबादला घरच्या हळदीत अक्कांना गायला बोलावलं, आणि मलाही. अक्का इतक्या सुरेख गायल्या की नवरीची आजी उठून नाचली. जेवताना माझ्या शेजारी नवरीचे मामा बसले होते. हळहळत म्हणाले, बिचारीला या वयात पोटासाठी गावं लागतं. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"असं का?" ते म्हणाले. "पण व्हिडिओत तर वेगळंच दाखवलंय."

मी ताटावरून उठले आणि बायकांत जाऊन बसले. अक्का पुढचं गाणं सुरू करत होत्या.