दारावरची फुली

विकलेला माल गिऱ्हाइकानं वापरला का नाही, हे त्याच्या घरी जाऊन तपासणारा दुकानदार अख्ख्या सेलू तालुक्यात आजवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या गल्लीत निघावा हे माझं नशीब. दुकानदार म्हणजे बाई. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. सव्वीस वर्षं त्यांनी सरकारी नर्स म्हणून आसपासच्या खेड्यांत लेकरांना लसी दिल्या, आणि बरोबरीच्या बायका गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात राजीनामा देऊन विहाराशेजारच्या गाळ्यात जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं. नोकरी सुटली, नर्सपणा मात्र अंगातून जायला तयार नाही. रद्दीतून आलेलं पुस्तक आधी दोन दिवस उन्हात वेगळं ठेवायचं, 'कुणाची काय साथ असंल, काय सांगावं' म्हणून. फाटक्या पुस्तकाच्या पाठीला जखमेला लावतात ती चिकटपट्टी. आणि गिऱ्हाईक आलं की त्याला काय पाहिजे ते विचारायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. "रक्त कमी हाय तुमच्यात. विनोदी घ्या. रोज दहा पानं, जेवणानंतर. उपाशीपोटी कादंबरी न्हाई वाचायची." कापसाचा एक बडा अडत्या एकदा दिवाणखान्याच्या कपाटात शोभतील अशी जाडजूड पुस्तकं मागायला आला होता. सिस्टरनी त्याच्या हातात लहान लेकरांचं चित्रांचं पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी हे पचू द्या."

या सगळ्याचं मूळ चुडावा स्टेशनावर आहे. त्यांची शेवटची नेमणूक तिकडं होती. एका संध्याकाळी पॅसेंजर लेट होती, म्हणून सिस्टरनी शेंगदाण्याची पुडी घेतली. शेंगदाणे संपले आणि पुडीचा कागद उलगडून बघतात तर कादंबरीचं पान! कुणी एक बाई घराला कुलूप लावून, हातात पिशवी घेऊन निघालेली, आणि तिथंच पान संपलेलं. पुढचं पान मिळावं म्हणून सिस्टरनी दुसरी पुडी घेतली, मग तिसरी, मग चौथी. पोटात कळ यायला लागली तरी ती बाई काही पुढं सरकेना. शेवटी शेंगदाणेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, मी दाणे इकतो, गोष्टी न्हाई." सिस्टरनी त्याचा रद्दीचा अख्खा गठ्ठा उचलून आणला. कादंबरी बरीचशी सापडली. शेवटचं प्रकरण तेवढं तिखटमीठ लागून प्रवाशांच्या हातून गावोगाव गेलं होतं. "गुर्जी, सव्वीस वर्षं लोकाच्या लेकरांपायी जागले," त्या मला सांगत होत्या, "पण त्या बाईसारखी झोप कुणी उडविली न्हाई. कुठं गेली असंल वो ती?" दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. गोष्ट अर्धी सोडणारा माणूस तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांपुढं नको.

म्हणून ती रविवारची फेरी. खांद्याला लसीचा जुना निळा डबा, निकामी म्हणून सरकारनं सोडून दिलेला. पूर्वी त्यात बर्फ आणि डोस असायचे, आता पुस्तकं असतात. हातात खडू. पोलिओच्या वेळी त्या घरोघर जाऊन दारावर खुणा करायच्या, तोच खाक्या इथं चालू. घरातलं पुस्तक वाचून झालं की दारावर गोल, राहिलं की फुली. फुलीवाल्या घरी पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

आता मी पडलो शाळामास्तर. पंचवीस वर्षं पोरांच्या मागं 'वाचा रे, वाचा' म्हणून कोकलणारा, आणि स्वतः पेपरातल्या राशिभविष्यापलीकडं न जाणारा. सिस्टरनी माझी पापणी ओढून तीनशे पानांची कादंबरी लिहून दिली, म्हणजे दिली. पहिल्या रविवारी मी म्हणालो, "वाचायलोय की!" तर आमची मंडळी आतून ओरडली, "कशाचं वाचायलेत! उशाला घेऊन झोपायलेत नुसते." पडली फुली. रोज शाळेत जाणारी पोरं ती बघून फिदीफिदी हसायची. मी ओल्या फडक्यानं पुसली, तर पुढच्या रविवारी दुप्पट मोठी. एकदा तर मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी बघून मागच्या दारानं पळालो आणि दोन तास न्हाव्याकडं बसून आलो. तिसऱ्या महिन्यात मी बेधडक सांगून टाकलं, की झालं वाचून. सिस्टरनी डबा खाली ठेवला आणि विचारलं, "थोरल्या भावाचं शेवटी काय झालं?" मी म्हणालो, "सुखी झाला." सिस्टरनी दारावरची फुली आणखी ठळक केली. थोरला भाऊ पन्नासाव्या पानावरच वारला होता.

त्या लाजेनं मी खरंच वाचायला बसलो. आणि काय सांगू, एकदा बसलो तो उठलोच नाही. शेवटच्या पानाला डोळे पुसत होतो, तर मंडळीला वाटलं कुणाची वाईट बातमी आली. मी रविवारची वाट बघायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बाईंनी प्रश्न विचारावेत असं वाटत होतं.

पण त्याच आठवड्यात, दिवाळीला, सिस्टरचा लेक पुण्याहून आला. पोरगा गुणी. आईला बीपी, गुडघे गेलेले, घरात एकटी. त्याचं काही चुकत नव्हतं. "आई, दुकान बंद कर आणि चल," म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "फुल्या राहिल्या असताना मी गाव कधी सोडलं न्हाई." पोरगा त्यांचाच. त्यानं शब्द घेतला, फुल्या संपल्या की यायचं. सिस्टरनी दिला. मग तो दोन दिवस दारोदार हिंडला. "काका, तेवढं पुस्तक संपवा ना. आईला माझ्याजवळ न्यायचंय."

झालं! जी गल्ली वर्षभर न वाचता 'वाचलं' म्हणत होती, ती आता वाचून 'नाही वाचलं' म्हणायला लागली. चष्मा हरवला, पाहुणे आले, पुस्तक उंदरानं नेलं. माझ्या दारात सिस्टरनी तोच प्रश्न विचारला. थोरल्या भावाचं मरण मला ओळ न् ओळ पाठ होतं. मी म्हणालो, "कोण थोरला भाऊ?" त्यांनी खडू काढला आणि फुली गिरवली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

असे तीन-चार महिने गेले. मग एका रविवारी माझ्या दारच्या तीन पायऱ्या चढताना सिस्टर दुसरीवरच बसल्या. धाप लागली होती. मंडळीनं पाणी दिलं. त्या जरा वेळानं उठून पुढच्या घरी गेल्या, पण मला काही सुचेना. आपल्या हौसेपायी आपण एका लेकाची आई अडवून धरलीय, हे मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ दुकानात गेलो आणि सांगितलं, "सिस्टर, माझं वाचून झालंय. दिवाळीतच झालं. गल्लीचं म्हणाल तर सगळ्यांचंच झालंय. आम्ही खोटं बोललो. तुम्ही पुण्याला जा."

सिस्टर चिकटपट्टी कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. लस नगं म्हणून लेकरं कणगीत लपविणाऱ्या आया बघितल्यात मी. तुमी कोण लागून गेलात?" मग निळा डबा उघडून त्यांनी तळातून एक पुस्तक काढलं. "ही तीच, शेंगदाण्याची. लेक यायच्या आदल्या दिशी परभणीच्या रद्दीत घावली. शेवटासकट."

"मग? कुठं गेली ती बाई?"

"वाचलंच न्हाई." त्यांनी दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला बोट केलं. तिथं एक पुसट फुली होती. "लेकाला शब्द दिलाय, खोटं कसं बोलू? दर रविवारी फोन करतंय लेकरू, किती राहिल्या म्हणून. लय जीव हाय त्याचा. जाईन मी. न जाऊन कुठं जाते? पण ही एक राहू द्या अजून." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच दटावल्यासारखा खडू माझ्यापुढं धरला. "पुसट झालीय बगा. माझा खांदा दुखायलाय. तुमी काढा."

पंचवीस वर्षांत पोरांच्या वह्यांवर मी किती फुल्या मारल्या असतील, देव जाणे. पण इतकी जपून, इतकी ठळक, आणि कुणी कधीच पुसू नये असं वाटून मारलेली ती पहिलीच.