साडूंचा तरंगता ब्रिज

सरळ-सपाट नसलेली कुठलीही गोष्ट आमच्या थोरल्या साडूंना सहन होत नाही. स्वतःचं पोट तेवढं त्यांनी उदारपणे वगळलेलं आहे. चौक गावात त्यांचं ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दुरुस्त करायचं गॅरेज आहे. आमच्याकडे जेवायला आले की आधी भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो सरळ करतात, मग हात धुतात.

अशा माणसाच्या हाती इलेक्ट्रिक गिटार पडावी, तीही दांडी दाबली की सूर डोलवणारी, हा त्या गिटारवर अन्यायच झाला. तिचा ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं धरणारी पट्टी, पक्की बसवलेली नसते. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. दोघींचं जमलं तर ती मधे तरंगते. एक तार आवळली की बाकीच्या पाच उतरतात. त्या चढवल्या की पहिली उतरते. साडू दर रविवारी मागचे स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी प्रसन्न चेहऱ्याने जाहीर करायचे, "आता बसलाय, साडूभाऊ. फक्त वाजवायचं बाकी हाय." ते वाजवणं आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. मी एकदा सुचवलं, मागे लाकडाची पाचर ठोकली तर ब्रिज हलणारच नाही. "म्हंजे ट्रकला पाट्यांच्या जागी धोंडा लावू?" असं म्हणून त्यांनी महिनाभर अबोला धरला. तो महिना बरा गेला.

त्यांच्या लेकीचा मात्र लहानपणापासून एकच हट्ट होता: माझ्या हळदीला बाबाने वाजवायचं. हळदीच्या संध्याकाळी बेंजोवाले थांबले, साडू उभे राहिले, आणि पहिल्याच फटक्याला बारीक तार तुटली. ओढ सुटताच स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचला आणि उरलेल्या पाची तारा चढून बेसूर झाल्या. साडू घामाघूम. "परत बसवाया लई येळ लागंल गं," ते लेकीला म्हणाले. मांडवात कुणीतरी हसलं. मी नव्हे, हे नमूद करतो. हळदीने माखलेली पोर पाटावरून उठली, मांडवाच्या बांबूची एक ढलपी उचलून तिने बापाच्या हातात ठेवली.

"ठोक, बाबा. मला तू वाजवलेलं ऐकायचं हाय."

साडूंनी पाचर ठोकली आणि पाच तारांवर वाजवलं. वाजवलं भिकारच, पण मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

पोर आता चौकजवळच्याच कुंभिवलीला नांदते. साडूंचा चेहरा बघून वाटावं, साता समुद्रापार दिली. परवा रविवारी गेलो, तर गिटार मांडीवर पालथी आणि साडू नुसते बसलेले. मी विचारलं, "काढायची का पाचर? स्क्रूड्रायव्हर देऊ?"

त्यांनी पाचर ठोकलेल्या खोबणीवर तळहात ठेवला. बांबूवर हळदीची बोटं अजून दिसत होती.

"राहू दे. तिनं दिलेली हाय."

ब्रिज चांगला तिरका बसला होता, आणि साडूंना ते चालत होतं.