पाण्याखाली गेलेली पिराजीची विहीर

चांगुणाबाई माझी आत्या. सत्तरीला टेकली, तरी टँकर आला की घागर घेऊन सगळ्यांच्या पुढं. लोक म्हन्त्यात, म्हातारी लई भांडखोर. असंना का! जिच्या बापाच्या विहिरीवर आख्खं शहर आंघोळ करायलंय, तिनं घागरभर पाण्यासाठी रांगेत उभं ऱ्हायचं आन वरून गोड बोलायचं, व्हय?

आमच्या लोकांनी गावच्या विहिरीला हात लावायचा न्हाई, अशी रीत होती. वरच्या आळीतली बाई तांब्या उंच धरून धार सोडायची, आमच्या माणसानं खाली ओंजळ धरायची. मधी हातभर अंतर. धम्म घेतला, घरात बुद्धवंदना आली, पण ती धार काय चुकली न्हाई. शेवटाला माझ्या आज्यानं, पिराजीनं, टेकडीवरच्या आपल्या तुकड्यात जांभा फोडून विहीर खांदली. आत्या तवा परकरात होती. मातीच्या पाट्या तिनंबी डोक्यावर वाह्यल्या. पाणी लागलं तवापास्नं बस्तीत एक चाल पडली. चवदार तळ्याच्या दिवशी, वीस मार्चला, सगळ्यांनी त्या विहिरीवर जायचं आन आपल्या हातानं वाकून ओंजळभर पाणी प्यायचं. कुणी वरून ओतायचं न्हाई.

मग शहराला पाणी पुरंना. टेकडीवर तलाव बांधायचं ठरलं, म्हंजे पाणी उंचावरून आपसूक शहरात उतरंल. बाकीचे जमीनवाले अडून बसले, कोर्टात गेले. पिराजीनं मातर सगळ्याच्या आधी अंगठा दिला. कामून? तर जमीन घ्यायला आलेला सायेब त्याला म्हन्ला, अप्पा, तुमच्या विहिरीचं पाणी आता सगळं शहर पिणार, जात न इचारता. झालं! हुरळली मेंढी आन लागली लांडग्याच्या मागं. राजेश्वर गावच्या बाजारात म्हातारा ज्याला त्याला धरून हेच सांगायचा. त्यानं एकच मागितलं होतं, बस्तीला एक नळ. सायबानं मान हलवली, आन त्याला तेवढंच पुरं झालं.

विहीर तलावाच्या पोटात गेली. वीस मार्चची ओंजळ मग आम्ही तलावाच्या काठावर वाकून भरायला लागलो. बस्ती उठवून पायथ्याला आणली. शहराचा जाडजूड पाइप आमच्या घरामागूनच जातोय. उन्हाळ्यात त्याला कान लावला तर आत पाणी पळायलेलं ऐकू येतं. नळ मागायला गेलं की म्हन्त्यात, योजना शहराची हाय, तुमची बस्ती हद्दीत येत न्हाई. जमीन घेताना बरी हद्दीत होती! नळाची वाट बघत बघतच पिराजी गेला.

आत्याचा नवरा लवकर वारला. पोर कडेवर घेऊन ती माहेरी आली, लोकाच्या रानात खुरपून त्याला वाढवलं. त्यो भीमराज. तीन वर्साखाली तलावाला तारेचं कुंपण पडलं, बाहेरच्याला बंदी झाली, आन आमची ओंजळीची चाल मोडली. तिथंच भीमराज कंत्राटावर वॉचमन लागला. आमचा मुलूख सीमेवरचा, घरात मराठी आन सरकारी कामात कन्नड. आत्याला बरं वाटलं. नळ न्हाई तर न्हाई, आपलं लेकरू तरी पाण्यावर बसलंय, असं ती म्हनायची.

यंदा पावसानं दगा दिला. मार्चमधीच तलाव खाली गेला आन विहिरीचं तोंड उघडं पडलं. वीस तारखेला आत्या पांढरं लुगडं नेसून निघाली. मी संगं. मरायच्या आधी एकदा बापाच्या विहिरीचं पाणी प्यायचं, एवढाच तिचा हट्ट होता. गेटवर पोटचा पोरगा. त्यानं हासत कुलूप काढलं. आत्या चिखल तुडवत विहिरीपाशी गेली, काठावरून हात फिरवला आन रडली. म्हन्ली, आबा, आले बगा. वाकून ओंजळ घालणार, तवर वर बांधावर पाणी खात्याच्या सायबाची जीप थांबली.

भीमराज पळत आला. आईसंगं जलमभर मराठीच बोललेला त्यो, सायबाला ऐकू जाईल असं कन्नडात बोलला, परक्या बाईला बोलावं तसं.

"अम्मा, नीर मुट्टब्याड्री." पाण्याला हात लावू नका.

आत्या तशीच वाकून ऱ्हायली. गावच्या विहिरीवर तिनं लहानपणी हेच ऐकलं होतं. तवा बोलणारी माणसं परकी होती. तिनं हात मागं घेतला, कोरडाच हात पदराला पुसला आन वर आली. शहराचं प्यायचं पाणी खराब व्हतंय, असं सायेब मला सांगत होता. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. भीमराजनं माझ्याकडं बघून हात जोडले, म्हून गिळल्या. 

सांजच्याला भीमराज घरी आला. वर्दीवरच उंबऱ्यापाशी बसला, आईला पाणी मागितलं. आत्यानं तांब्या भरून आणला, पण हातात दिला न्हाई. उंच धरला.

"धर ओंजळ," म्हन्ली.

भीमराजनं आईच्या तोंडाकडं बघितलं आन ओंजळ धरली. तिनं हातभर वरून धार सोडली. त्याच्यानं घोट घेववला न्हाई. पाणी बोटांतून गळून उंबऱ्यावर सांडायलं. तांब्या रिता होईस्तवर आत्यानं धार धरली. टँकर परवा येणार होता.